गाडी न चालवणाऱ्याच्या सोयीचं उपनगर

व्हिसा हातात पडला, तिकिटं निघाली की पुण्याहून, नाशिकहून, कधी थेट आमच्या सांगली-मिरजेहून फोन येतो. "ताई, मेलबर्नला राहायला टार्नीट बरं की पॉइंट कुक?" कुणी क्रेगीबर्नचं विचारतं, कुणी ग्लेन वेव्हर्लीचं. फोन करणारा बहुतेक वेळा नोकरी मिळालेला माणूस असतो, आणि ऑफिसपासूनचं अंतर, घरभाडं, आसपास मराठी घरं किती, एवढी माहिती त्याने आधीच काढून ठेवलेली असते. मी त्याला विचारते, "तुमच्याबरोबर कोण कोण येणार आहे? आणि त्यातल्या कुणाला गाडी चालवता येत नाही?"

हा प्रश्न पुष्कळांना आडवळणाचा वाटतो. माझ्या मते सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

मी नर्स आहे. मिरजेत शिकले, आणि इथे बरीच वर्षं वृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करते, इन्सुलिन देते, आठवड्याच्या गोळ्या डब्यांत भरून ठेवते. आधी शहराच्या पश्चिमेला काम केलं, आता आग्नेयेला करते. या कामामुळे दुपारी दोन वाजताचं मेलबर्न मला चांगलं ठाऊक आहे. त्या वेळी कमावती माणसं ऑफिसात असतात, मुलं शाळेत असतात आणि घरात उरलेल्या माणसाला ते उपनगर एकट्याने निभवायचं असतं.

ज्यांनी हे शहर पाहिलेलं नाही त्यांना त्याची ठेवण सांगते. यारा नदीकाठी चौकटीचौकटीने आखलेलं मध्यवर्ती शहर तसं लहान आहे. चालत तासाभरात पालथं घालता येतं. पन्नास लाखांहून जास्त माणसं राहतात ती त्याच्याभोवती पसरलेल्या शेकडो उपनगरांत. टार्नीट पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटरवर, क्रेगीबर्न उत्तरेला जवळपास तेवढंच, क्लेटन आग्नेयेला वीसच्या आत, आणि त्याच दिशेचं पॅकनम पन्नासच्याही पुढे. जुन्या आतल्या उपनगरांत ट्राम आहे. त्याबाहेर लोकल रेल्वेचे फाटे पंख्यासारखे पसरत जातात, आणि दोन फाट्यांमधल्या पट्ट्यात बसचाच काय तो आधार. ट्रेनच्या भाड्यात मात्र फारसा फरक पडत नाही. २०१५पासून भाड्याचे झोन १ आणि २ मिळून एकच कमाल भाडं आहे, त्यामुळे लांब राहणाऱ्याचं नुकसान पैशात होत नाही, वेळात होतं.

२०२१च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातल्या भारतात जन्मलेल्यांची संख्या ६ लाख ७३ हजारांवर गेली आणि इंग्लंडखालोखाल आपला दुसरा क्रमांक लागला. मेलबर्नमध्ये या मंडळींचा मोठा ओघ शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींकडे वळला आहे. पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनीना, पॉइंट कुक. उत्तरेला क्रेगीबर्न, मिकलम. आग्नेयेला क्लाइड, ऑफिसर, पॅकनम. याचं कारण सरळ आहे. पूर्वेच्या जुन्या उपनगरात ज्या भाड्यात दोन बेडरूमचं युनिट मिळतं, त्यात इथे चार बेडरूमचं नवं घर, दोन गाड्यांचं गॅरेज आणि मागे अंगण मिळतं. शिवाय शेजार मिळतो. टार्नीटमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमवायला सायास पडत नाहीत. गणपतीत आरतीला घर अपुरं पडतं. बाळंतपणात डब्याची पाळी लावणाऱ्या चार घरांची नावं मी आत्ता सांगू शकेन. परक्या देशातल्या पहिल्या वर्षात या आधाराची किंमत फार मोठी असते. म्हणून टार्नीटला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण टार्नीट म्हणजे तरी नक्की कुठे? तिथलं स्टेशन २०१५च्या जूनमध्ये सुरू झालं. तिथे शहरातली विजेची लोकल येत नाही, जीलाँगकडून येणाऱ्या व्ही-लाइन या प्रादेशिक रेल्वेच्या डिझेल गाड्या थांबतात. शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला अर्ध्या तासात पोचवतात ही चांगली गोष्ट, पण सकाळी टार्नीटपर्यंत येता येता त्या भरलेल्या असतात. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर राहणारी बाई आणि त्याच टार्नीटच्या पश्चिम टोकाच्या वसाहतीत राहणारी बाई, दोघींचा पत्ता एकाच उपनगराचा असतो. त्यांच्या दिवसांत मात्र काही साम्य नसतं. पहिली मूल बाबागाडीत घालून स्टेशनवर जाते, ट्रेन पकडते, सनशाइनला किंवा फुट्सक्रेला उतरून कामं उरकते. दुसरीला बसथांब्यापर्यंत चालायचं, वीस ते चाळीस मिनिटांनी येणाऱ्या बसची वाट बघायची आणि मग स्टेशन गाठायचं. रात्री नऊच्या सुमाराला पुष्कळ बसमार्ग थंडावतात. म्हणून मी लोकांना सांगते, उपनगराच्या नावावर ठरवू नका, गल्लीपर्यंत जाऊन बघा.

अशाच एका टोकाच्या वसाहतीत मी साताऱ्याकडच्या एका काकूंना भेटायला गेले होते. मुलगा ओळखीचा. आईच्या पायाची जखम भरत नाही, जरा बघाल का, म्हणाला. घर मोठं, लख्ख, नवं कोरं. काकू दिवाणखान्याच्या खिडकीजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या प्लॉटवर घराचा सांगाडा उभा होता आणि पोरसवदा सुतार पत्र्याच्या डब्यावर बसून सँडविच खात होता. जखम स्वच्छ केली, पट्टी बांधली, मधुमेहाच्या गोळ्या तपासल्या. साखर वाढलेली होती. मी विचारलं, चालणं होतं का? "कुठं चालू?" त्या म्हणाल्या. गावाकडे त्या रोज सकाळी देवळात, मग भाजीला, संध्याकाळी बहिणीकडे, असं न मोजता पाच-सात हजार पावलं चालत असणार. इथे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा सून कामावरून परत येण्याची वाट बघायची. आम्ही दोघी बाहेर पडलो. पदपथ एका वळणापर्यंत होता, पुढे कुंपण आणि मातीचा ढीग. बसथांब्याची नुसती खांबावरची पाटी, बसायला बाक नाही, डोक्यावर छप्पर नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा तिथे कोण उभं राहील? काकूंना मुलाबद्दल कसलीही तक्रार नव्हती. मुलाने मोठ्या मायेने त्यांच्यासाठी तळमजल्यावर वेगळी खोली ठेवली होती, संडास-बाथरूम लागून. फक्त त्या खोलीतून बाहेर पडून जायला जागा नव्हती.

याच्या उलट क्लेटनमधल्या एका आजी. दोन बेडरूमचं विटांचं जुनं युनिट, गेल्या शतकात साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेली असतात तसं. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. पण क्लेटन रोड चालत सहा-सात मिनिटांवर. तिथे मेथी, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. कम्युनिटी सेंटरमध्ये वाचनालय आणि पोहण्याचा तलाव एकाच आवारात आहे. आजी रोज अकराला निघतात, वाचनालयात बसतात, एक श्रीलंकेच्या बाई आणि एक गुजराती बेन त्यांना भेटतात. तिघींच्या भाषा तीन, तरी गप्पा रंगतात. स्टेशनवर लिफ्ट आहे, कारण डँडेनाँगकडे जाणारा रेल्वेमार्ग या भागात २०१८च्या सुमाराला उंचावर उचलला गेला आणि फाटकं गेली. मोनाश मेडिकल सेंटर बसने जवळ आहे. मुलगा म्हणतो, घर लहान घेतलं म्हणून नातेवाईक नाकं मुरडतात. मी त्याला म्हटलं, तुझ्या आईची साखर बघ आणि मग ठरव.

आई-वडील येतात ते व्हिजिटर व्हिसावर, कुणी तीन महिने, कुणी वर्षभर. त्यांना मेडिकेअर ही सरकारी आरोग्ययोजना लागू नाही, विमा काढूनच यावं. म्हणजे लहानसहान दुखण्याला पायी गाठता येईल असा फॅमिली डॉक्टर जवळ असला तर फार मोठं काम होतं. पण गाडी न चालवणारे फक्त म्हातारेच नसतात. नवऱ्याच्या नोकरीवर आलेली पत्नी, किंवा पत्नीच्या नोकरीवर आलेला नवरा, पहिले काही महिने बिनगाडीचाच असतो. भारतीय लायसन्सवर इथल्या व्हिक्टोरिया राज्यात सहा महिने गाडी चालवता येते, पुढे इथलं लायसन्स काढावं लागतं. नियमांची लेखी परीक्षा, संगणकावर धोका ओळखण्याची परीक्षा आणि मग प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची. पुण्यात स्कूटरवर शहर पालथं घालणाऱ्या मुली इथे पहिल्या वर्षात घरात अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात कसलीही उणीव नसते. घर निवडताना त्यांचा दिवस कुणी डोळ्यासमोर आणलेला नसतो, एवढंच. आणि जी बाई वर्षभर स्वतःहून कुठे जाऊ शकली नाही, तिला मुलाखतीला जायचा धीर कुठून येणार?

शाळेचा विचार सगळेच करतात, त्यामुळे त्यावर थोडक्यात. सरकारी शाळा पत्त्यावर मिळते. प्रत्येक शाळेची हद्द ठरलेली आहे आणि त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला तिथे प्रवेशाचा हक्क असतो. ग्लेन वेव्हर्ली, बॉलविन, मॅकिनन इथल्या नामवंत माध्यमिक शाळांच्या हद्दीत घरं त्यामुळेच महाग आहेत. रस्त्याच्या एका बाजूला हद्द संपते आणि भाडं बदलतं. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर आत्ताच त्या हद्दीसाठी जीव टाकण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याला चालत जाता येईल असं किंडर, म्हणजे बालवाडी, हवं, आणि २०२३पासून व्हिक्टोरियात तीन आणि चार वर्षांच्या मुलांचं किंडर मोफत आहे. मूल हुशार असेल तर नववीपासूनच्या चार सरकारी निवडक शाळा परीक्षेवर मिळतात, पत्त्यावर नाही. त्यातली सुझान कोरी हायस्कूल वेरिबीतच आहे, टार्नीटच्या दाराशी. नॉसल हायस्कूल बेरिकला, आग्नेयेच्या वसाहतींजवळ. मग पश्चिमेला राहिलो तर मुलाचं नुकसान होईल, ही भीती कशाला?

आता नर्स म्हणून एक गोष्ट सांगते. घर बघायला निघालेल्या कुणाच्याही यादीत ती नसते. मेलबर्नच्या पश्चिमेला आणि उत्तरेला गवताळ मैदानं आहेत. हा ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा पठारी भाग, पाऊस पूर्वेपेक्षा बराच कमी, झाडं विरळ, वारा भणाणता. वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे इथल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, रायग्रासचे परागकण हवेत पसरतात. वादळ आलं की हे कण ढगात ओढले जातात, ओलाव्याने फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे खाली येणाऱ्या वाऱ्याबरोबर जमिनीलगत पसरतात. अख्खा परागकण नाकात अडतो, हे तुकडे थेट फुप्फुसात उतरतात. २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी असंच वादळ आलं. हजारो माणसं धापा टाकत इस्पितळांत पोचली, रुग्णवाहिका पुरल्या नाहीत, दहा जण दगावले. ज्यांना आयुष्यात कधी दमा झाला नव्हता असेही पुष्कळ त्यात होते, आणि आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. आपल्याकडून आलेल्या माणसाला इथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिंका सुरू होतात आणि तो सर्दी म्हणून सोडून देतो. तसं करू नका. घरात कुणाला दमा असेल किंवा वसंतात नाक-डोळे वाहत असतील तर डॉक्टरांकडून उपचाराचा लेखी आराखडा घ्या, आराम देणारा पंप जवळ ठेवा, व्हिक-इमर्जन्सी ॲपवर वादळी दम्याचा इशारा बघत जा आणि त्या संध्याकाळी खिडक्या लावून घरात थांबा. यासाठी पश्चिम उपनगरं टाळा असं मी म्हणत नाही. माहीत असू द्या आणि तयारी ठेवा.

घर पाहायला गेलात की दिशा बघा, पण आपल्याकडची सवय घरी ठेवून. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. दिवाणखान्याच्या काचा उत्तरेला असतील तर हिवाळ्यात ऊन आत येतं. दक्षिणेला असतील तर ती खोली जून ते ऑगस्ट गारठलेली राहते. जूनच्या मध्याला सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि पाच वाजून दहा मिनिटांच्या आत मावळतो. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला हिवाळ्यातलं ते ऊन किती महत्त्वाचं, हे संधिवाताच्या रुग्णांना विचारा. मुख्य खोलीत बसवलेला हीटर असणं कायद्याने सक्तीचं आहे. तो चालू करून बघा, आणि गरम हवा वृद्धांच्या झोपायच्या खोलीपर्यंत पोचते का तेही बघा.

भाड्याचं गणित नवख्यांचं हमखास चुकतं, कारण इथे भाडं आठवड्यावर सांगतात. आठवड्याला ५५० डॉलर म्हणजे महिन्याला २,२०० होत नाहीत, वर्षाचे बावन्न आठवडे धरून २,३८३ होतात. अनामत बहुतेक घरांना एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती घरमालकाकडे न राहता सरकारी बॉण्ड प्राधिकरणाकडे जमा होते. घर पाहायला पंधरा मिनिटांची वेळ दिलेली असते, दारात दहा-बारा कुटुंबं असतात. तुमच्याकडे इथला भाड्याचा पूर्वेतिहास नसणार, तेव्हा नोकरीचं पत्र, बँकेतली शिल्लक आणि भारतातल्या घरमालकाचं इंग्रजी पत्र आधीच तयार ठेवा. घर आतून न बघता कुणालाही एक पैसा पाठवू नका. किल्ली मिळाली की घराच्या स्थितीचा कागद येतो. त्यात प्रत्येक ओरखडा लिहून, फोटो काढून पाच कामाच्या दिवसांत परत द्या.

मात्र बहुतेक मंडळी घर शनिवारी बघतात. शनिवारी सगळी उपनगरं छान दिसतात. नवरा गाडी चालवत असतो, रस्ते मोकळे असतात, तळ्याकाठी मुलं खेळत असतात. माझा आग्रह आहे की आवडलेल्या घरापाशी मंगळवारी किंवा बुधवारी परत जा, गाडीशिवाय. सकाळी सातला त्या दारातून निघून ऑफिस गाठा. गाडी न चालवणाऱ्या माणसाने दुपारी दोनला त्याच दारातून निघून एक लिटर दूध, एक ताप उतरवायची गोळी आणि बसायला एक बाक, एवढं पायी शोधावं. संध्याकाळी अंधार पडल्यावर स्टेशनपासून घरापर्यंत चालत यावं, दिवे कुठे आहेत, पदपथ कुठे तुटतो ते बघावं. महाराष्ट्रातून निघायच्या आधीच हे करता येत नाही हे खरं. म्हणून पहिला महिना स्टेशनजवळच्या तात्पुरत्या जागेत काढा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मग वर्षाचा करार करा. आणि विकत घ्यायचा विचार निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावरच.

गेल्या काही महिन्यांत नागपूरचं एक कुटुंब माझ्या सल्ल्याने असंच फिरलं. नवऱ्याची नोकरी शहरात डॉकलँड्सला, बायको आर्किटेक्ट, पण अजून गाडी शिकतेय, मुलगी तीन वर्षांची, आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार. टार्नीटच्या पश्चिम टोकाचं चार बेडरूमचं घर नवऱ्याच्या मनात भरलं होतं. मी त्यांना आधी वेस्ट फुट्सक्रे दाखवलं. बार्कली स्ट्रीटवर भारतीय दुकानं-खानावळींची रांग आहे, ट्रेनने शहर जवळ. त्या बाईला ते फार आवडलं, पण तिथलं भाडं झेपेना, आणि तिला मराठी शेजारही हवा होता. शेवटी त्यांनी टार्नीटच घेतलं, पण स्टेशनपासून नऊ मिनिटांच्या चालीवरचं तीन बेडरूमचं टाउनहाउस. अंगण जेमतेम तुळशीपुरतं. किंडर दोन गल्ल्या सोडून, आणि दुकानं स्टेशनच्या वाटेवरच. बायको आता मुलीला किंडरला सोडून ट्रेनने मुलाखतींना जाते. सासूबाईंचं तिकीट आधी ऑक्टोबरचं काढलं होतं. त्यांना धुळीची आणि परागांची ॲलर्जी आहे हे कळल्यावर मी ते फेब्रुवारीवर ढकलायला लावलं, आणि येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि पंप हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगितलं आहे.